खेकड्याच्या चाकातला फोम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे फोम दाबून पाहणं. इतवारची सकाळ होती. बायको फरशीवर पाय पसरून बसली होती, मी तिच्यासमोर उकिडवा. मधात फोमचे तुकडे पडले होते, एक पांढरा, एक पिवळा, अन् एक काळा, चपलेच्या तळव्यासारखा घट्ट. बाजूले रिमोटवर चालणारी एक खेळण्यातली गाडी उलटी पडली होती. दगडावर चढणारी गाडी. बायको तिले खेकडा म्हणे, कारण ती तशीच एकेक पाय टाकत चढे. तिच्या रबरी टायरात कोणता फोम भरावा हे त्या सकाळी ठरवायचं होतं. गाडी दगडावरून पडली असती तं आमची दुकानाची जागा जाणार होती.

बायको एकेक तुकडा अंगठ्यानं दाबे अन् सोडे. पिवळा दाबला तं खड्डा तसाच राहिला. "हा मेला," म्हणे, अन् तुकडा माझ्या तोंडावर फेकला. पांढरा दाबला तं आरामात वर आला. काळा दाबला तं तिचाच अंगठा दुखला. मी म्हटलं, हाच भरू, गाडी झुकणारच नाही. ती म्हणे, "मंग लाकडाचंच चाक लाव ना. दगडाले धरून कोण राहीन, तुहा बाप?"

त्या टायरात हवा नसते. चाकाले बारीक भोक असते, दाबलं की हवा निघून जाते. टायर उभा राहते तो आतल्या फोमवर. फोम मऊ असला तं तिरप्या दगडावर टायर बसून जाते अन् गाडी कलंडते. घट्ट असला तं टायर दगडाच्या कोपऱ्याले चिकटत नाही, वरून घसरते. एवढं आम्हाले कळलं होतं. त्याच्या पुढं भांडण होतं. मी काळा म्हणून अडून बसलो, ती पांढरा म्हणून. तिनं कैची भिरकावली, ती माझ्या गुडघ्याजवळ कापसाच्या पोत्यात घुसली. मी शिवी दिली, तिनं दोन दिल्या.

मग तिनेच तोड काढली. आत काळ्याची अरुंद कडी, तिच्यावरून पांढऱ्याची रुंद कडी. आम्ही गादीत दबलेला जुना कापूस खाली ठेवतो अन् नवा वर, तसं. स्टीलची वाटी ठेवून खडूनं बाहेरचा गोल काढला, चहाचा कप ठेवून आतला. ती धरून बसली, मी करवतीच्या पात्यानं कापत गेलो. एकदा पातं तिच्या बोटात गेलं. तिनं बोट तोंडात घातलं अन् भरल्या तोंडानंच मले कापत राहा म्हणाली. कड्या बसवल्या, टायर चाकावर चढवले, स्क्रू कसले. तिनं गाडी हातात घेऊन चारही चाकं आपल्या गालाले दाबून पाहिली. उशी तपासायची तिची तीच रीत होती.

मी जातीचा अन् धंद्याचा पिंजारी. शाळा चौथीपर्यंत. घरात आम्ही हिंदी अन् वऱ्हाडीची खिचडी बोलायचो. इथं मले जमते तसं लिहून राह्यलो. आमचा धंदा मारायचा आहे. कापूस मारल्याशिवाय फुगत नाही. जवान होतो तेव्हा धनुकलीची तात ठोकून पिंजत होतो, मागून मशीन आली, काट्यांचा रूळ फिरवणारी. जुन्या गाद्यांचा कापूस मात्र बायको वेताच्या छड्या दोन्ही हातांत घेऊन झोडपे, आखरीपर्यंत. तिच्या हातात माझ्यापेक्षा जास्त ताकद होती. आमच्या घरात ताटं उडत, लाटणी उडत. शेजारी मधात पडत नव्हते. मधात पडलेल्याले आम्ही दोघं मिळून मारत होतो.

आमचं गाव नेरच्या रस्त्यावरचं, बाजाराचं. जागा म्हणजे बी-बियाण्याच्या दुकानामागची पत्र्याची खोली. पुढं शेठचं दुकान, मागं आमची मशीन. शेठच्या बापानं ती जागा मले तोंडी दिलती. त्याच्या घरच्या गाद्या-रजया भरून द्यायच्या, बस. बाप भला होता. तो मेला अन् पोरगा शेठ झाला.

ती गुलाबी अळीची वर्षं. कपाशी कंबरेच्या वर गेली, हिरवीगार, पाहून वाटे की यंदा काही खरं आहे. बोंड फोडलं की आत अळी. लोक पिशवीत बोंडं भरून आणत अन् शेठच्या काउंटरवर फोडत. शेठ म्हणे, मी काय घरी बनवलं बियाणं, कंपनीले विचारा. काही दिवस लोकांनी ते ऐकून घेतलं. मग एका दुपारी ऐकलं नाही. फवारणीच्या पंपाच्या नळीनं काच फोडली, खुर्ची फोडली, शेठचा सदरा पाठीपासून फाडला. एकानं त्याचं डोकं काउंटरवर दाबून धरलं अन् दुसऱ्यानं अळीचं बोंड त्याच्या तोंडात कोंबलं. "खा," म्हणे, "आमच्या लेकरांनी हेच खायचं आहे, तू पयले चाखून पाह्य."

शेठ सुटला तो मागच्या दारानं आमच्याकडं. बायकोनं त्याची मानगूट धरली, कापसाच्या ढिगात ढकलला, वरून फाटकी रजई टाकली अन् त्यावर फतकल मारून बसली. माणसं काठ्या घेऊन आली. मामी, शेठ इकडं आला काय, म्हणून विचारलं.

"आला असंन तं शोधा," ती म्हणाली. "मशीनमंदी हात घालून पाहा."

अन् तिनं बटण दाबलं. रूळ घरघर फिरायले लागला, काटे चमकायले लागले. माणसं काटे पाहून मागं सरली अन् निघून गेली. शेठ बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशीत कापूस होता, ओठातून रक्त गळत होतं. एका गिऱ्हाइकाच्या नव्या गादीवर तो ओकला. चाची, तुमचे उपकार जन्मभर विसरत नाही, म्हणाला. बायकोनं त्याच्या हाती फडकं दिलं. आधी हे पुस, म्हणे, मंग जन्माचं बोल.

त्यानंतर शेठनं दुकानाचं शटर अर्धंच उघडायले सुरुवात केली. बसल्या बसल्या फोनवर पाहून ती गाडी मागवली. मेडिकलवाला त्याचा दोस्त, त्यानंही मागवली. यवतमाळचा एक ठेकेदार होता, त्याच्याकडं तं दोन होत्या. दर इतवारी हे तिघं टेकडीमागच्या नाल्यात जात अन् मोठमोठ्या धोंड्यांवर गाड्या चढवत. पन्नाशीची माणसं. ठेकेदाराची गाडी दरवेळी जिंके, अन् जिंकला की तो म्हणे, "शेठ, तुमाले मार खायची सवय लागली आता." हे शेठले लागे. लोकांच्या काठीपेक्षा ते जास्त लागलं, असं मले वाटते.

म्हणून तो माझ्याकडं चाकं घेऊन आला. चाचा, आतला स्पंज बसून गेला, तुम्ही काहीतरी भरून द्या, भरणं तं तुमचंच काम आहे, म्हणे. पिंजाऱ्याले भरायचं म्हटलं तं कापसाबिगर दुसरं काय सुचणार? बायकोनं चांगल्यातला चांगला लांब धाग्याचा कापूस काढला, मी दोनदा पिंजला, अन् ठासून भरला. टायर असे टणक झाले की शेठ खुश. पहिले दोन धोंडे गाडी भराभर चढली म्हणतात. मग नाल्याच्या पाण्यातून गेली. चाकाच्या भोकातून पाणी आत शिरलं, कापूस भिजला, सारा गोळा होऊन एका बाजूले गेला. चाक गालगुंड झाल्यासारखं सुजलं. ठेकेदाराच्या डोळ्यांदेखत गाडी वरून खाली आली अन् आपटली.

शेठ तिथून सरळ आमच्याकडं आला. दोन गिऱ्हाइकं बसली होती. आल्या आल्या माझ्या थोबाडीत मारली. माझी टोपी उडून मशीनच्या रुळात गेली अन् तिच्या चिंध्या झाल्या. बायको कोपऱ्यात होती. जुनी तात ठोकायचा लाकडी मुठ्ठा तिनं खुंटीवरून काढला अन् शेठच्या कानावर हाणला. शेठ खाली बसला. बराच वेळ बसून होता.

"कापसात लपवला तेव्हा हात नव्हता उचलला तू," ती म्हणाली. "तेव्हा थरथर कापून राह्यला होता माह्या बुडाखाली."

गिऱ्हाइकं हसली. ती हसली नसती तं गोष्ट तिथंच मिटली असती, कोणाले ठाऊक. शेठ उठला, कान धरून उभा राहिला. येत्या इतवारी गाडी चढली तं राहा, म्हणाला, पडली तं त्याच दिवशी मशीन रस्त्यावर. अन् तुम्ही दोघंही तिथं यायचं, ठेकेदारासमोर तुमचा निकाल सांगीन.

दुसरी जागा पाहाले मी हप्ताभर फिरलो. मशीनचा आवाज अन् धूळ कोणाले नको होती. फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजाऱ्याले जागा द्यायची गरजही कोणाले वाटत नव्हती. त्याच फोमसाठी मी सोफेवाल्याच्या दारात उभा राहिलो, चांभाराकडून काळे तुकडे मागून आणले. बायको म्हणे, आपलं पोट मारलं ज्यानं तेच आता आपल्याले वाचवणार. अन् थुंकली.

इतवारी दुपारी आम्ही नाल्यावर गेलो. तिनं गाडी ओढणीत गुंडाळून पोटाशी धरून आणली. शेठ, मेडिकलवाला अन् ठेकेदार आधीच आले होते. ठेकेदारानं तिले पाहून विचारलं, कोच आणला काय शेठ? शेठचा कान अजून लाल होता.

नाल्याच्या पल्याड वरच्या अंगाले स्मशान आहे. तिथून धूर निघत होता. आम्ही पाहिला. स्मशानाजवळच्या गावाले धुराचं काय विशेष.

गाडी सुटली. पहिला धोंडा, दुसरा धोंडा. पाण्यातून गेली, टायर ओले झाले, पण आतल्या फोमचा गोळा झाला नाही. मोठा काळा दगड आला, तिरपा, शेवाळ लागलेला. ठेकेदाराची गाडी तिथं कलंडली अन् पाठीवर पडून चाकं फिरवत राहिली. आमची गाडी कोपऱ्यावर आली, टायर कोपऱ्याभोवती दबला, दगडाले धरून बसला, अन् ती वर सरकली. बायकोनं मांडीवर थाप मारली. "चढ रे खेकड्या, चढ," म्हणाली, अन् तोंडावर ओढणी धरून हसायले लागली. ती अशी हसलेली मी किती वर्षांत पाहिली नव्हती. शेठही हसला. जागा राहिली, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात वरून माणसं आली. पंधरा-वीस असतील. मयताले आग देऊन, नाल्यात आंघोळ करून निघालेली, उघडी, ओल्या डोक्याची. मेला तो पलीकडच्या गावचा सालदार होता. कपाशीवर फवारणी करताना विष चढून गेला. औषध शेठच्या दुकानातलं. हे मले त्यांच्याच तोंडून तिथं कळलं.

त्यातला एक पुढं आला. मोठ्यानं बोलला नाही.

"शेठ, तो धूर दिसते काय? अन् तू इथं मोटर मोटर खेळून राह्यला."

शेठनं तेव्हा चूप राहायचं होतं. तो म्हणाला, तोंडाले फडकं न बांधता फवारलं तं मी काय करू, डब्बीवर लिहिलं असते सगळं.

पहिला दगड मेडिकलवाल्याच्या पायाले लागला. मग मोजता येत नव्हते. ठेकेदार जीप घेऊन पळाला, मेडिकलवाला लंगडत त्याच्या मागं लटकला. शेठ आपल्या मोटरीआड दबून बसला. दगड पत्र्यावर धडाधड आदळत होते. काच फुटली. मी बायकोले बाभळीआड ओढलं. आमच्यावर कोणी नेम धरत नव्हतं, आम्ही तिथं बसलो असतो तं वाचलो असतो. गाडी अजून त्या काळ्या दगडावरच होती, उघड्यावर.

शेठ मोटरीमागून ओरडला.

"चाची, गाडी उचला! गाडी गेली तं जागा गेली समजा!"

ती उठली. मी ओढणी धरली, ओढणी माझ्या हातात राहिली. ती वाकून, डोक्यावर एक हात धरून नाल्यात उतरली. सांधेदुखीनं तिले नीट चालता येत नव्हतं, तरी ती भराभर गेली. गाडीवर हात टाकला अन् तेव्हाच दगड आला. कानाच्या वर लागला. नारळ फुटते तसा आवाज आला. ती गाडीच्या बाजूले बसली, मग आडवी झाली. शेठचा अंगठा रिमोटवरच होता. गाडी तिच्या हाताखालून निघाली अन् वर चढत राहिली.

मी नाल्यात उतरलो. हाताले लागला तो धोंडा उचलला अन् समोर जो होता त्याच्या तोंडावर हाणला. त्याचं नाक फुटलं, तो गुडघ्यावर आला. मी दुसरा उचलला. तो म्हणाला, "मामू, मारा मंग, पयले मामीले उचला." बाकीचे दगड टाकून उभे राहिले होते. त्या नाक फुटलेल्यानं तिचे खांदे धरले, मी पाय धरले. त्याचं रक्त तिच्या कपाळावर गळत होतं, तिचं माझ्या पायजम्यावर. लाकडं आणलेला टेम्पो वर उभा होता, त्यात तिले टाकलं. शेठची मोटर तेवढ्या वेळात निघून गेलती. टेम्पोत तिनं एकदा डोळे उघडले. यवतमाळ यायच्या आत तिचा हात जड झाला. मी चापट्या मारल्या तिच्या गालावर, जोरानं मारल्या. ती उलटून मारणारी बाई होती. तिनं मारलं नाही, तेव्हा मले कळलं.

दवाखान्यात म्हणाले, चिरफाड होईन, सकाळी मिळेन. संध्याकाळी वऱ्हांड्यात मी भिंतीले टेकून बसलो होतो तं शेठ आला. हात जोडून आला, शेजारी जमिनीवर बसला. रडला पण. मग हळू आवाजात कामाचं बोलला. दुकान फोडलं तेव्हा जे तिघं पुढं होते त्यांची नावं त्यानं घेतली. ते आज त्या गर्दीत होते, तुम्ही त्यांना दगड मारताना पाहिलं, एवढं ठाण्यात सांगा, म्हणाला. मी त्यातल्या एकालेही नाल्यात पाहिलं नव्हतं. मी फक्त तिच्याकडं पाहत होतो.

"चाचा, ती खोली तुमच्या नावानं करून देतो," तो म्हणाला. "कागद करून. तुमच्यामागंही तिले कोणी हात लावणार नाही."

खोटं कायले सांगू, त्या वऱ्हांड्यात मी त्या खोलीचा विचार केला. मशीन कुठं ठेवू, मी कुठं झोपू, काय खाऊ, हे सारं डोक्यात फिरलं. तीही त्या खोलीसाठीच नाल्यात उतरली होती. ती खोली मिळत होती. शेठ माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, तो हात मी झटकला नाही. तो निघताना म्हणाला, सकाळी ठाण्यात भेटू.

सकाळी आमच्या लेकीचा निरोप आला की ती सासरहून, फुलसावंगीहून निघाली, दवाखान्यातून मायले तीच घेऊन येईन, दुपारी मिट्टी द्यायची ठरली. मी दवाखान्यातून पहिल्या गाडीनं गावात आलो अन् सरळ ठाण्यात गेलो. शेठ बाकावर चहा पीत बसला होता. हवालदारानं कागद पुढं ओढला, सांगा बाबा, दगड कोणी मारला?

मी म्हटलं, दगड कोणी मारला मी पाहिलं नाही.

शेठनं कप खाली ठेवला. चाचा, आठवून सांगा, म्हणे.

"आठवते," मी म्हटलं. "आम्ही बाभळीआड बसलो होतो. गाडी उचला, गाडी गेली तं जागा गेली समजा, हे तू ओरडला. ते मी ऐकलं. हे लिहा साहेब."

हवालदार म्हणे, बाबा, ओरडण्याचा गुन्हा होत नाही. मी म्हटलं, होवो का न होवो, तुम्ही लिहा. मी एकाचं नाक फोडलं तेही लिहा. त्यानं लिहिलं. मी सही केली, मले सही येते. शेठ उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज आला. आजच्या आज खोली खाली करा, म्हणाला.

"करतो," मी म्हटलं. "आधी तिले मिट्टी देऊन येतो."

ठाण्यातून कबरस्तानात गेलो. खोदणारे दोघं आले होते, तिची कबर पोटऱ्यांइतकी खोदून झाली होती. खाली मुरूम लागला होता, कुदळ उडत होती, ते दम खायले बसले होते. मी सदरा काढून दगडावर ठेवला अन् खड्ड्यात उतरलो. त्यांनी म्हटलं, चाचा, तुम्ही कायले, आम्ही आहो ना. मी त्यांच्या हातातून कुदळ घेतली अन् मुरुमावर घातली. ठिणगी उडाली. पुन्हा घातली. दोघं काठावर उभे राहून पाहत होते. दुपारची वेळ होईतोवर मी कुदळ कोणाच्या हाती दिली नाही.